पाखऱ्याला परत पाठवायचं का?

पत्र : नमस्कार. आम्ही परभणीत राहतो. घरात मी, मिस्टर, सहावीतली मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. दीड वर्षापूर्वी मिस्टरांनी चाकूर तालुक्यातून कारवानी कुत्र्याचं पिल्लू आणलं. नाव पाखऱ्या. घरात इतका गरीब, की आहे की नाही कळत नाही. दिवसभर झोपून असतो. पण बाहेर काही पळताना दिसलं की तो कुणाचाच नाही. गेल्या महिन्यात कंपाउंडवरून उडी मारून शेजारच्या मावशींच्या दोन कोंबड्या मारल्या. परत आल्यावर मिस्टरांनी काठीनं बडवला. तेव्हापासून दिवसभर साखळीला असतो. परवा झोपला होता, तेव्हा मुलगा त्याच्या अंगावर पडला तर गुरगुरला. रविवारी मिस्टर मित्रांबरोबर त्याला वावरात नेतात, सशामागं सोडतात, व्हिडिओ काढतात. गल्लीतले म्हणतात, ‘कुत्रं उपाशी मारता का, बरगड्या दिसायल्यात.’ आबा माळकरी, त्यामुळं घरात अंडंसुद्धा येत नाही, दूध-भाकरीच घालतो. डॉक्टर नसबंदी करा म्हणतात, पण ही जात भुलीतून उठत नाही असं कुणी तरी सांगितलं. त्याला जिथून आणला तिथं परत द्यावा का? मुलगी दोन दिवस जेवली नाही.

ताई, नमस्कार.

परत देऊ नका. निदान पुढचे तीन-चार महिने तरी हा विषय घरात काढू नका आणि मुलीला तसं आजच सांगा, म्हणजे लेकरू जेवेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कोंबड्या, गुरगुरणं, वावर, काठी हे सगळं तुम्ही वेगवेगळं लिहिलंय, पण मला ते एकाच धाग्यात दिसतंय. रविवारी वावरात पळत्या जिवामागं सुटला की पाखऱ्याची पाठ थोपटली जाते, व्हिडिओ निघतात, माणसं खूश होतात. सोमवारी तेच शेजारच्या अंगणात केलं की काठी बसते. ससा चालतो आणि मावशींची कोंबडी चालत नाही, हे त्यानं कुठून ओळखायचं? तुम्हीच त्याला दर आठवड्याला शिकवणी लावली आहे आणि तो धडा नीट शिकलाय.

कारवानी हा नजरेनं शिकार धरणारा कुत्रा. ग्रेहाउंड, सलुकी, आपल्याकडचा रामपूर हे सगळे याच कुळातले. कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात तो आणि आपला कारवानी तर एकाच रक्ताचे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर यांचे पूर्वज पश्चिमेकडून इकडे आले असं मानलं जातं. लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे पाळले, जपले, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मिरवले. बाकीचे कुत्रे आधी जमिनीला नाक लावतात. याचं डोकं लांबट आणि अरुंद, डोळे बाजूला, त्यामुळं नजरेचा पल्ला फार रुंद. लांबवर काही हललं की डोळ्यांनी ते टिपलं आणि पायांनी जमीन सोडली, यात मध्ये विचाराला जागाच नसते. पूर्ण वेगात तो एका ढांगेत दोनदा चारही पाय हवेत घेतो, एकदा अंग आखडून आणि एकदा लांब ताणून. तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचेस्तोवर तो गल्लीच्या टोकाला असतो, आणि त्या क्षणी त्याला ती ऐकूही येत नाही. याला लोक हट्टीपणा म्हणतात, बेइमानी म्हणतात. तसलं काही त्याच्या मनात नसतं. तो ज्यासाठी घडवला गेला तेच करतो, म्हणून बंदोबस्त आपल्याला करावा लागतो. भिंत, पट्टा आणि वेळ या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

मारण्याचं बोलते. कोंबड्या मारून तो स्वतःच्या पायानं घरी आला आणि घरी आल्यावर काठी बसली. कुत्रा शिक्षेचा संबंध त्याच क्षणाशी जोडतो, दहा मिनिटांपूर्वीच्या कोंबडीशी नाही. त्याच्या डोक्यात काय बसलं, तर घरी परतलं की मार पडतो. उद्या पुन्हा सुटला तर तो फाटकात येऊन थांबणार नाही, तुम्हाला पाहून लांब उभा राहील, आणि मग रस्त्यावर गाड्यांमध्ये त्याला धरायला पळापळ करावी लागेल. तो कितीही गोंधळ घालून आला तरी घरी आल्यावर गोड बोलून आत घ्यायचा. हे जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी तेच करायचं.

आता तुमच्या मिस्टरांसाठी लिहिते. हा भाग त्यांना वाचायला द्या. दादा, तुम्हाला या जनावराचं कौतुक आहे हे कळतं. कारवानी सुसाट सुटलेला बघणं ही खरोखर डोळ्यांचं पारणं फिटावं अशी गोष्ट आहे. पण सशामागं कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, हाकून काढणं येतं. ससा मेला नाही तरी फरक पडत नाही. उद्या समोर काळवीट आलं तर ते पहिल्या अनुसूचीतलं जनावर आहे, तिथं शिक्षा तुरुंगाची आहे, आणि पुरावा तुम्ही स्वतःच मोबाइलमध्ये काढून ठेवलाय. कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी वावरात काय काय असतं बघा. बिनकठड्याच्या विहिरी, बांधावरची काटेरी तार, रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार, कुणी टाकलेलं विषारी आमिष. या कुत्र्याची कातडी कागदासारखी पातळ, खाली चरबीचा थर नाही. दुसऱ्या कुत्र्याला जिथं नुसता ओरखडा उठेल तिथं याची कातडी वीतभर उघडते आणि आतलं मांस दिसतं. पळण्याच्या भरात त्याला ते कळतही नाही. तो थांबतो तेव्हा मागचा पाय रक्तानं भरलेला असतो. तारेत फाटलेले असे कुत्रे मी टाके घालताना पाहिले आहेत. ते नेहमीच वाचत नाहीत.

वावर बंद केलं म्हणजे पळणं बंद करायचं असं नाही. उलट पळायला मिळालं नाही तर तो घर डोक्यावर घेईल. लोकांचा समज असा, की या जातीला दिवसभर पळायला लागतं. तसं नसतं. हा दमदार पळतो, थोडा वेळ पळतो आणि मग दिवसाचे सोळा-सोळा तास लोळतो. पाखऱ्या घरात झोपून असतो ते आजारपण नव्हे. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पट्ट्यावर फिरवणं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा चहूबाजूंनी बंद जागेत मोकळं सोडणं, एवढं त्याला पुरतं. बंद जागा म्हणजे ओळखीच्यांची जाळीचं कुंपण असलेली मोसंबीची बाग, सुटीच्या दिवशी परवानगी घेऊन फाटक लावलेलं शाळेचं मैदान. विहीर कुठं आहे ते आधी बघा, कुंपणाला भोक आहे का ते स्वतः चालत फिरून बघा. सोबत दहा मीटरची सुताची दोरी ठेवा. नायलॉनची नको, तिनं हात सोलतात. सुरुवातीला दोरी लावूनच हाक मारून बोलवायला शिकवा, आला की पनीरचा तुकडा. आधी घरात, मग अंगणात, मग मैदानात. हे दीड वर्षाच्या कुत्र्यालाही जमतं, फक्त धीर धरावा लागतो. मात्र कितीही शिकला तरी उघड्या रस्त्यावर, उघड्या माळावर पट्टा सोडायचा नाही. आज नाही, पाच वर्षांनी नाही. यात मी सूट देत नाही.

पट्ट्याचंही एक बघा. याची मान जाड आणि डोकं निमुळतं. साधा गळपट्टा तो मागं सरून क्षणात काढून टाकतो. रुंद पट्टा घ्या आणि त्याच्या जोडीला छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस. बाहेर नेताना जाळीदार मुसकं घातलं तर मावशींनाही धीर येईल. फक्त ते असं हवं की आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कापडी, तोंड आवळणारं मुसकं उन्हाळ्यात जिवावर बेततं.

तुमच्या कंपाउंडची उंची तुम्ही लिहिली नाही, पण तो उडी मारून गेला याचा अर्थ ते कमी आहे. या कुत्र्याला चार फुटी भिंत म्हणजे उंबरठा. किमान सहा फुटांपर्यंत जाळी चढवा आणि भिंतीला टेकून ठेवलेलं जळण, टाकी, मोटारसायकल बाजूला काढा, कारण तो त्यावर पाय देऊन चढतो. फाटकाखालची फटसुद्धा बुजवा. शक्य असेल तर मावशींच्या बाजूला खालून चार फूट हिरवं नेट बांधा. कोंबड्या दिसल्याच नाहीत तर निम्मं काम झालं. खर्च आहे, पण दर दोन महिन्यांनी कोंबड्यांचे पैसे आणि शेजाऱ्यांशी भांडण यापेक्षा तो परवडतो. जाळी लागली की साखळी काढायची. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा विनाकारण दीर्घकाळ आखूड साखळीला बांधून ठेवण्याला क्रूरताच म्हणतो, आणि बांधलेला कुत्रा चिडका होतो हे सांगायला कायद्याची गरज नाही.

मुलाच्या बाबतीत मी सगळ्यात गंभीर आहे. तरी गुरगुरला म्हणून पाखऱ्याला वाईट ठरवू नका. या जातीचे पुष्कळ कुत्रे डोळे अर्धे उघडे ठेवून गाढ झोपतात; आपल्याला वाटतं जागा आहे. त्या अवस्थेत अंगावर कुणी पडलं तर दचकून तोंड पुढं येतं, समोर कोण आहे ते मागाहून कळतं. त्यानं चावा न घेता आधी आवाज दिला, हे त्याच्या भल्या स्वभावाचं लक्षण. त्या गुरगुरण्यावर त्याला रागावू नका. आवाज देणं बंद केलेला कुत्रा थेट दात लावतो. घराच्या एका कोपऱ्यात, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर, त्याची जागा करा आणि मुलांना पक्कं सांगा की पाखऱ्या तिथं असला की हात लावायचा नाही. लांबून नावानं हाक मारायची, तो उठून आला तर लाड करायचे. चार वर्षांचं पोर हे विसरणारच. म्हणून तो आणि कुत्रा मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत राहता कामा नयेत, अगदी दूध उतू जाईपर्यंतसुद्धा नाही. रेबीजची लस दरवर्षी घेतलीय ना, तो कागद काढून बघा. आणि कधी दात लागलेच, नुसता ओरखडा असला तरी, लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन तसंच दवाखान्यात जायचं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही.

गल्लीतल्यांचं म्हणणं थोडं खरं आहे आणि बरंचसं खोटं. कारवानी सडपातळच असतो: खोल छाती, आत गेलेलं पोट, शेवटच्या तीन-चार बरगड्या अंधूक दिसतात, कमरेची दोन हाडं जाणवतात. लोकांच्या नजरेला भरेल असा गुबगुबीत केलात तर त्याच्या बारीक पायांचं नुकसान होईल. पण हात लावून बघा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून मागं न्या. तिथं कडक, भरलेलं मांस लागलं तर ठीक. खळगे लागले, मांड्या सैल लागल्या, केस राठ झाले असतील, तर तो खरोखर अपुरं खातोय. दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्यात मला हेच होताना दिसतं. भाकरी वाईट नाही, ज्वारी त्याला पचते. पण एवढे स्नायू भाकरीवर उभे राहत नाहीत. दूध कित्येक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते; त्याऐवजी दही-ताक द्या. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी झालंच पाहिजे, नाही तर घातलेलं सगळं जंतच खातात.

आता आबांचा प्रश्न. त्यांच्या माळेचा मान राखूनच मार्ग काढायचा. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसावर जगणारा नाही. नीट बेतलं तर अंड्याशिवायही त्याचं भागतं. पनीर, दही, शिजवलेली सोयाबीनची वडी, मूग-मसुराचं घट्ट वरण, त्यात भाकरी किंवा भात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं क्षार-जीवनसत्त्वांची पूड. ती पूड वगळू नका. पण मला विचाराल तर रोज दोन उकडलेली अंडी मिळाली तर पाखऱ्या सहा आठवड्यांत बदललेला दिसेल. ती घरात शिजायला नकोत. मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळं भांडं, आणि ते काम मिस्टरांकडे. आबांशी वाद घालू नका, शांतपणे विचारा. आपल्या शेजारच्या नरसीच्या नामदेवरायांची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल: कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा ते कोरडी खाऊ नको म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. मुक्या जिवाला त्याचं अन्न मिळू द्यायला माळकरी माणूस सहसा नाही म्हणत नाही. कांदा-लसणाची फोडणी पडलेलं वरण मात्र कुत्र्याला कधीच घालू नका, कांद्यानं त्याचं रक्त खराब होतं. द्राक्षं, मनुके, चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही नकोत. दिवसाचं खाणं दोन वेळा विभागून द्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो. पोट टणक, ओकारी काढतोय पण काही पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या घालतोय असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. तासा-दोन तासांचा खेळ असतो.

ऊन-थंडीचं थोडक्यात. मे महिन्यात डांबरावर हाताचा उलटा पंजा ठेवून बघा. तुम्हाला पाच सेकंद धरवत नसेल तर त्याच्या पायालाही धरवत नाही. परभणीचा पारा डिसेंबरात कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा या उघड्या अंगाच्या कुत्र्याला आत घ्या आणि खाली जुनी वाकळ अंथरा. एरवीही फरशीवर नको, कोपरांना घट्टे पडतात. गोचिडांसाठी बैलांच्या अंगावर मारायचं औषध याला अजिबात लावू नका. पातळ कातडीतून ते भिनतं. कुत्र्यांचं औषध वेगळं मिळतं.

तुम्ही विचारलंय म्हणून स्पष्ट सांगते. मिस्टर शिकार सोडायला तयार नसतील आणि साखळीही सुटणार नसेल, तर मात्र पाखऱ्यासाठी दुसरं घर शोधा. जिथून आणला तिथं नव्हे. मोठा झालेला, पळणारा नर परत गेला की बहुतेक वेळा कुणाच्या तरी शिकारीच्या टोळीत जातो. कुंपणाचं शेत असलेलं, शिकार न करणारं कुटुंब बघा आणि मुलीला भेटायला जाता येईल इतकं जवळचं बघा. पण व्हिडिओ काढणारा माणूस कौतुकानंच काढतो, म्हणून मला वाटतं तुमचे मिस्टर ऐकतील.

राहिली नसबंदी. करून घ्या. त्यानं पाठलागाची ओढ जाणार नाही, हे आधीच सांगते. पण माजावरच्या कुत्रीमागं पळून जाणं कमी होतं आणि नकोशी पिल्लं होत नाहीत. भुलीची भीती निराधार नाही. या कुळातल्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी आणि यकृत काही औषधं सावकाश फोडतं. थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीच्या औषधातून ते तासन्‌तास बाहेर येत नाहीत. गावोगावच्या गोष्टी त्यातूनच आल्या आहेत. दुसरी औषधं आहेत आणि ती जपून देता येतात. तुमच्या परभणीतच सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा. कारवानी आहे हे तोंडानं सांगा, केसपेपरवर लिहून घ्या, वजन तिथंच काट्यावर करायला लावा आणि आधी रक्त तपासा. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांमध्ये तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आणि थायरॉइडचा आकडा कमी येतो. त्यावरून कुणी लगेच आजाराच्या गोळ्या सुरू करत असेल तर जातीची आठवण करून द्या. ऑपरेशननंतर त्याला पांघरूण घाला, कारण भुलीत हे कुत्रे पटकन गार पडतात. घरी आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्याभोवती काळं-निळं पसरत असेल किंवा रक्त पाझरत असेल तर फोनवर विचारत बसू नका, रिक्षात घालून सरळ दवाखान्यात न्या.